आरसा नसलेला कॅमेरा

व्हॅलेन्सिया,
१२ फेब्रुवारी २०२३

ती. बाबांस,
बिल्यानाचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी आईला फोन केला तेव्हा मागे मोठ्याने काहीतरी पडलं. आई म्हणाली, तुझ्या बाबांनी पुन्हा कॅमेरा पाडला, पण पायावर पाडला म्हणून वाचला. वाचला म्हणजे कॅमेरा. अंगठ्याचं नख गेलं ते वेगळं. तुम्ही हे आपणहून कळवणार नाही, म्हणून मीच विषय काढते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. पत्र तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचता.

बाबा, त्या डीएसएलआरला चौदा वर्षं झाली. लेन्ससकट दोन किलोचं धूड. तुमचा उजवा हात मागच्या हिवाळ्यापासून कापतो हे मी नाताळात पाहिलंय, कपातली कॉफी बशीत येत होती. आता मिररलेस घ्या. आत आरसाच नाही, त्यामुळे वजन निम्मं. डोळा लावायचा तिथे बारीकसा पडदा असतो, अंधाऱ्या देवळातही स्वच्छ दिसतं. आणि समोरच्याचा डोळा कॅमेरा स्वतःच शोधतो, त्यावर एक हिरवी चौकट बसवतो आणि माणूस हलला तरी सोडत नाही. ज्या अंपारो आजींची मी इथे देखभाल करते, त्यांच्या नातीच्या लग्नात एका फोटोग्राफर मुलीकडे तो पाहिला. हातात घेऊनही पाहिला. तुमची पंच्याऐंशी मिलिमीटरची लाडकी लेन्स मधे एक कडी घातली की त्यावर बसते, हेही विचारून ठेवलंय.

नाही म्हणण्याआधी दोन दिवस विचार करा. नंतर नाहीच म्हणाल, पण निदान विचार केल्याचं पुण्य मिळेल.

आईला सांगा, शिंकताना तोंडावर रुमाल धरत जा, मला इथपर्यंत ऐकू येतं. रागावलात तरी पत्र लिहून रागवा.

तुमची,
बिल्याना


त्र्याव्ना,
१ मार्च

चि. बिल्यानास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोबत वसंताचा तांबडा-पांढरा दोरा पाठवतो आहे, आईने वळलाय. मनगटाला बांध आणि पहिलं फुललेलं झाड दिसलं की त्यावर सोड. तुमच्या तिकडे झाडं बारा महिने फुललेली असतात म्हणतात, तेव्हा तुझ्या सोयीने बघ.

विचार केला. पूर्ण दोन दिवस केला. नको.

आरसा नसलेला कॅमेरा म्हणजे तळ नसलेली कढई. मी बटण दाबतो, आरसा फटकन वर उडतो आणि त्याचा धक्का माझ्या गालफडाला बसतो. नऊ वर्षं मला क्लिक ऐकू आलेला नाही, पण तो गालाला कळतो. शिवाय आरसा वर गेला की डोळ्यापुढे क्षणभर अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो नेमका तो क्षण फोटोग्राफरला कधी दिसतच नाही. आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. मधल्यावर विश्वास ठेवायचा असतो. चाळीस वर्षं मी तसा ठेवला, आता पडदा लावून खात्री करून घेण्याची हौस नाही.

आणि माझं काम तरी काय उरलंय? लग्नं वर्षाला पाच-सहा. येतात ते म्हातारे, कागदासाठी. तू लहानपणी या फोटोंना घाबरायचीस. मेल्यावर फाटकावर, बसच्या थांब्यावर, चौकातल्या झाडावर जो दुखवट्याचा कागद लागणार, त्यावर आपला कुठला चेहरा असावा हे माणसाने जिवंतपणी ठरवलेलं बरं. इस्त्रीचा कोट घालून येतात बिचारे. ताठ बसतात, जसं काही आत्ताच गेलेत. मग तुझी आई माझ्या खांद्यामागे उभी राहते आणि त्यांना पोरांची, नातवंडांची नावं घ्यायला सांगते. ज्यांची पोरं परदेशात, म्हणजे सगळेच, ते एकेक नाव घेतात आणि तोंड सैल पडतं. तेवढ्यात मी बटण दाबतो. क्लिक ऐकला की ते श्वास सोडतात आणि आई त्यांना पाणी देते. ही युक्ती तिची, नाव माझं झालं.

अख्ख्या गावाचे चेहरे मी केले, पण तिचा एक धड फोटो माझ्याकडे नाही. क्लिक होईपर्यंत तोंड धरून बसते आणि क्लिक झाला की चुलीवरचं ढवळायला पळते. सगळे फोटो पासपोर्टचे वाटतात. कागदासाठी नकोच म्हणा, तिला अजून खूप अवकाश आहे.

नख येतंय. माझ्या नकाराला उलट उत्तर न देता माया तेवढी ठेव.

तुझा,
बाबा


त्र्याव्ना,
१९ मार्च

माझ्या लाडक्या बिल्यानास,
आईचे उदंड आशीर्वाद.

हे पत्र बाबांना न दाखवता लिहिते आहे. ते खाली दुकानात आहेत, एका ग्राहकाला टायची गाठ मारून देत असतील. ते टायची गाठ फार सुंदर मारतात, हे तुला सांगितलंय का कधी?

कॅमेऱ्याचा नाद सोडू नकोस. तो वजनाचा प्रश्न नाही गं. तुझ्या बाबांना आता नीट दिसत नाही. दीड वर्षापासून निम्मे फोटो पुसट येतात. डोळ्याऐवजी कानावर नेम बसतो आणि त्यांना ते कळत नाही. मी संगणकावर बसून त्यातल्या त्यात बरे निवडते आणि उरलेले पुसून टाकते. दोघातिघांना परत बोलावावं लागलं. त्यांना सांगितलं, छापणाऱ्याने घोळ केला. छापणारा बिचारा गाब्रोवोत बसून शिव्या खातोय. बाबांना खरं कळलं तर ते दुकानाला कुलूप लावतील आणि खुर्चीवर बसून राहतील. म्हणून ती हिरवी चौकट हवी आहे. वजनाचंच कारण पुढे कर, डोळ्यांचं नाव काढू नकोस.

दुसरी गोष्ट तुझ्यापुरती. मला जिना चढताना दम लागतो म्हणून बाजाराच्या निमित्ताने डॉक्टरांकडे जाऊन आले. हृदय मोठं झालंय म्हणाले. मी म्हटलं, ते पहिल्यापासूनच मोठं आहे. ते हसले नाहीत. गोळ्या दिल्यात, त्या पिठाच्या डब्यात आहेत. ऑपरेशनचं म्हणत होते, पण या वयात कशाला कापाकापी? मी नीट विचार करून नको म्हटलंय. बाबांना सांगायचं नाही. त्यांना सांगितलं तर ते दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतील आणि मला त्यांच्या पाठीमागून हसता येणार नाही.

काम टाकून धावत येऊ नकोस. पण आलीस तर मला वाईट वाटणार नाही. ईस्टरला अंडी रंगवायला कोणी नाही.

तुझी पप्पी घेऊन हे पत्र पाकिटात घालते आहे, वाटेत सांडू नये.

तुझी,
आई


व्हॅलेन्सिया,
६ एप्रिल

ती. बाबा व ती. आईस,
सा. न. वि. वि.

मिनीबसवाला पेन्को या पत्राबरोबर एक खोकं आणून देईल. उघडण्याआधी बाबांना बसवा आणि राकियाचा एक घोट द्या. होय बाबा, घेतला. विचारलं असतं तर तुम्ही आणखी दोन दिवस विचार केला असतात.

सगळं लावूनच पाठवते आहे, तुम्ही फक्त डोळा लावायचा. चौकट डोळ्यावर बसेल. बटण दाबून धरलं तर एकामागून एक फोटो निघत राहतात. बॅटरी लवकर संपते म्हणून दोन जादा ठेवल्यात. आवाजही बंद करून ठेवलाय, मागे लग्नात फादर तुमच्या खडखडाटावर रागावले होते ना? आता देवळात माशीसुद्धा उठणार नाही. जुना कॅमेरा विकू नका, कपाटात राहू द्या.

ईस्टरला यायचं म्हणत होते पण जमत नाही. अंपारो आजींची मुलगी सुट्टीवर चालली आहे आणि त्यांना सोडून मला हलता येत नाही. ऑगस्टमध्ये तीन आठवडे येते, नक्की. आई, तुझ्या तब्येतीचं कळव. मला वेगळं पाकीट घालून कळव.

मी येत नाही म्हणून कॅमेरा पाठवते आहे असं कोणी म्हणू नका. मीच म्हणून घेतलंय. रुसवा थोडा आणि लोभ जास्त असू द्या.

तुमची,
बिल्याना


त्र्याव्ना,
२२ मे

चि. बिल्यानास,
अ. उ. आ.

हरलो. एवढंच लिहून पत्र संपवणार होतो, पण आई म्हणते की हरलेल्या माणसाने तपशीलवार लिहावं.

तीन दिवस खोक्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी बोझेंत्सीच्या दोना आजी आल्या, नव्वदीच्या, मानेला कंप. म्हटलं, बघू तरी. डोळा लावला, तर आजींच्या पापणीचे केस मोजता येत होते! मान हलत होती आणि हिरवी चौकट डोळ्याबरोबर हलत होती, कुत्र्याने मालकामागे फिरावं तशी. बटण दाबलं तर अंधार झालाच नाही. पोरी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी फोटो निघत असताना माणसाकडे बघत होतो. लाज वाटते सांगायला, पण माझे डोळे भरून आले आणि मग मलाच काही दिसेना.

गालाला धक्का मात्र बसत नाही, त्याची चुटपुट लागते. पडद्याची कड लुकलुकते तेवढ्यावरून समजायचं. आणि एक गंमत आहे. या कॅमेऱ्यापुढे लोक फार वेळ बसतात. फोटो निघून गेला तरी आपले तोंड धरून आहेतच. मला हात हलवून सांगावं लागतं की झालं, उठा. नव्या यंत्राचा दरारा, दुसरं काय.

आई हल्ली खाली दुकानात येत नाही. जिन्याचा कंटाळा येतो म्हणे. बारीक झाली आहे, ईस्टरचा उपास तिने जरा जास्तच मनावर घेतला होता. नावं घ्यायला सांगण्याचं काम आता मलाच करावं लागतं. मी सांगितलं की ती नावं हुकूम दिल्यासारखी बाहेर पडतात.

काल ती आपणहून म्हणाली की नवीन कॅमेऱ्याने माझा एक चांगला फोटो काढ. कशासाठी विचारलं तर हसली. सहासष्टाव्या वर्षी कागदाची कसली घाई? मी म्हटलं, जूनमध्ये काढू, लिंडनला फुलं आली की आवारात उजेड चांगला पडतो. तूही ये म्हणजे दोघींचा काढता येईल. ती रोज एकदा तरी विचारते की ऑगस्टला किती दिवस राहिले.

माया आहेच, कॅमेऱ्यामुळे किंचित वाढली आहे असं समज.

तुझा,
बाबा


व्हॅलेन्सिया,
९ जून

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तू वेगळं पाकीट घातलं नाहीस. फोनवर विचारलं की टोमॅटोची रोपं किती वाढली ते सांगतेस. गोळ्या घेतेस का? खरं सांग. बाबांना सांगू का? तू नको म्हणालीस म्हणून गप्प आहे, पण मला ते बरं वाटत नाही.

तिकीट काढलं. पाच ऑगस्ट. अलीकडची तारीख घ्यावी असं चार वेळा मनात आलं, पण अंपारो आजी पडल्या, कंबरेला लागलंय. पाच ऑगस्ट म्हणजे काही लांब नाही. मिरच्या मी आल्यावर भाजू, एकटीने पोतं उचलू नकोस.

बाबांना फोटो काढू दे. पळू नकोस मधेच. मी येईपर्यंत तुझी माया शिल्लक ठेव, सगळी टोमॅटोवर उधळू नकोस.

तुझी,
बिल्याना


त्र्याव्ना,
१० जुलै

चि. बिल्यानास,
आशीर्वाद.

तू आलीस, पण आईला पोचवून आल्यावर. दोष देत नाही, आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच पोचवतात आणि विमान काही बैलगाडी नव्हे की वाटेत हात दाखवून थांबवावं. तीन दिवस राहिलीस आणि आपण दोघांनी तिच्या टोमॅटोंना पाणी घालण्यापलीकडे काही केलं नाही. मला तुला काही दाखवायचं होतं, धीर झाला नाही. आता पाठवतो.

मोठ्या पाकिटात बहात्तर छोटे फोटो आहेत. मागे क्रमांक घातलेत, क्रम मोडू नकोस.

ते चोवीस जूनचे. त्या दिवशीच्या रिवाजाप्रमाणे तिने सकाळी औषधी वनस्पती तोडून आणल्या होत्या, निळं पोलकं घातलं होतं, आवारात लिंडनखाली खुर्ची मांडून बसली. मी डोळा लावला. अंधार होत नव्हता, ती दिसत होती, म्हणून मी बटण सोडलंच नाही. बायकोकडे इतका वेळ बघायला मला कधी मिळालं होतं? आणि ती पळाली नाही. पहिल्यांदा पळाली नाही.

पण मी तिच्याकडे बघत नव्हतो बिल्याना. मी चौकटीकडे बघत होतो. डाव्या डोळ्यावर ती हिरवी चौकट बसली आहे ना, सुटत नाही ना, हेच बघत होतो. नंतर फोटो उघडले तेव्हा दिसलं की तिचे ओठ हलत होते. ती मला काहीतरी सांगत होती. कितीतरी वेळ सांगत होती. नऊ वर्षं मी तिचं सगळं बोलणं ओठांवरून वाचत आलो, पाठमोरी असली तरी गालावरून वाचायचो. आणि त्या दिवशी समोर बसून वाचलं नाही.

सत्तावीसला दुपारी ती पुदिन्याच्या वाफ्यात पडली. मधे तीन दिवस होते. गाब्रोवोचं इस्पितळ वीस मिनिटांवर आहे. ती जर त्या खुर्चीवरून म्हणत असेल की छातीत दुखतंय, मला घेऊन चल, तर माझ्याकडे तीन दिवस होते आणि मी चौकट बघत बसलो.

हलत्या ओठांवरून मला वाचता येतं, थांबलेल्या ओठांवरून येत नाही. भिंग घेऊन चार दिवस बसलो. काही फोटोंत ओठ मिटलेत. माझं नाव, स्तामात, म्हणतानाही मधे ओठ मिटतात. मला वाटतं ती मला हाक मारत होती. तुझे डोळे तरुण आहेत, तू बघ आणि खरं काय ते लिही. माझ्यावर दया करून लिहू नकोस, मला कळेल.

पाच ऑगस्टला आईचा चाळिसावा दिवस आहे. तुझ्या तिकिटाचाच दिवस, मोजून पाहिलं. नवे कागद लावायचे आहेत. पहिल्या कागदावर ओळखपत्रातला फोटो गेला, मला कॅमेरा उघडवला नाही. सबंध गावाचे चेहरे मी केले आणि माझ्या बायकोचा चेहरा सरकारी कचेरीतल्या यंत्राने काढलेला, तोच फाटकाफाटकावर आहे. मी रस्त्याच्या मधून चालतो. या बहात्तरांतला एक लावायचा आहे. पण ती वेदनेने बोलत असेल तर तो चेहरा मी कुणाच्या दारावर लावणार नाही.

रीतीप्रमाणे चाळिसाव्यापर्यंत घरातले आरसे झाकलेत. कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यावरही पंचा टाकला, त्याच्यातही आरसा आहे.

पेन्को वीसला तिकडून परत निघतो. त्याच्याबरोबर उत्तर दे. बाकी काही मागत नाही.

तुझा,
बाबा


व्हॅलेन्सिया,
१९ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही खरं लिही म्हणालात म्हणून आधी माझं खरं लिहिते. आईच्या हृदयाचं मला मार्चपासून माहीत होतं. ती डॉक्टरकडे जाऊन आली होती, गोळ्या पिठाच्या डब्यात होत्या, अजून असतील. ऑपरेशन तिने स्वतः नाकारलं आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं. ते तीन दिवस तुमच्याकडे नव्हतेच बाबा. तीन महिने होते आणि ते माझ्याकडे होते. मी ऑगस्ट म्हणत राहिले. माझ्याऐवजी कॅमेरा पाठवला. तुम्ही मला काय वाटेल ते बोला.

आता फोटो. मी बहात्तरच्या बहात्तर न्हाणीघरातल्या आरशाभोवती चिकटवले, क्रमाने. अंपारो आजी काठी टेकत येऊन दारात उभ्या राहिल्या. काही न विचारता रडल्या आणि गेल्या. मग मी आरशात बघून एकेक शब्द म्हणून पाहिला, माझे ओठ आणि तिचे ओठ शेजारी धरून. आधी स्तामात म्हटलं. स्तामात म्हणताना ओठ मिटायच्या आधी तोंड उघडं असतं आणि नंतर जबडा खाली येतो. आईचा येत नाही. तिचे ओठ आधी मिटतात, मग दोन्ही बाजूंना पसरतात, मग जीभ वरच्या दातांमागे दिसते आणि शेवटी तोंड उघडतं. मिटतात, पसरतात, जीभ, उघडतं. एकोणिसाव्या फोटोपासून सदुसष्टाव्यापर्यंत तेच, सहा वेळा.

सहाही वेळा ती बिल्याना म्हणते आहे, बाबा.

तिला कुठे दुखत नव्हतं. कपाळ बघा, एक आठी नाही. तुम्ही म्हाताऱ्यांना सांगता तेच ती स्वतःला सांगत होती. तोंड सैल राहावं म्हणून पोरीचं नाव घेत होती. आणि इतक्या वेळा का घेतलं, तेही मला कळलंय. ती क्लिकची वाट बघत होती. क्लिक होईपर्यंत तोंड धरायची सवय ना तिला. तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज मी बंद करून पाठवला होता, त्या पत्रात लिहिलंही होतं. तुम्हाला आवाज ऐकूच येत नाही, त्यामुळे ते तुमच्या लक्षात राहिलं नाही. ती खाली दुकानात येत नव्हती, त्यामुळे पत्रातलं ते वाक्य तिच्याही लक्षात राहिलं नाही. तुमच्या पुढ्यात लोक फार वेळ बसतात ते दराऱ्याने नाही. त्यांना अजून फोटो निघायचाय असं वाटतं. आईलाही तसंच वाटलं. निघालेला क्लिक तिला कोणी ऐकवला नाही, म्हणून ती माझं नाव घेत बसली. मी आले असते तर नाव घ्यावं लागलं नसतं, खांद्यामागे उभी असते.

अडुसष्टपासून पुढे ओठ थांबलेत. तिथे ती फक्त तुमच्याकडे बघते आहे, आणि हसते आहे ते पळायच्या आधीचं हसू. ते फोटो तुमचे आहेत, ते कागदावर लावू नका, घरात ठेवा.

कागदासाठी एकतिसावा घ्या. त्यात ओठ मिटलेले आहेत आणि डोळा स्वच्छ आहे, तुमच्या चौकटीने चोख काम केलंय. लोकांना वाटेल, शांत बसली आहे. तिथून पुढे ती काय म्हणणार होती ते आपल्या दोघांपुरतं राहील.

तिकीट बदललं, चारला संध्याकाळी पोचते. चाळिसाव्याला विकत आणलेला शिजवलेला गहू चालणार नाही, मी आल्यावर शिजवीन. माझ्यावर माया करा असं म्हणायला तोंड नाही. दार तेवढं उघडा.

तुमची,
बिल्याना


त्र्याव्ना,
२८ जुलै

चि. बिल्यानास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेन्कोने पत्र दिलं. आवारात लिंडनखाली त्याच खुर्चीवर बसून वाचलं. मग पिठाचा डबा उघडला. गोळ्या आहेत, निम्म्या घेतलेल्या. तू मला मार्चमध्ये कळवायला हवं होतंस. तेवढं एकदाच म्हणतो, पुन्हा म्हणणार नाही. ती तुलाच सांगेल आणि मला नाही, हेही मला ठाऊक असायला हवं होतं. पाठीमागून हसण्याची तिला भारी हौस.

एकतिसावा छापून घेतला, खाली आईचं नाव, नेव्याना. छापणाऱ्याला म्हटलं, या वेळी घोळ करू नकोस. तो म्हणाला, मी कधीच केला नव्हता. मी म्हटलं, ते आजच माझ्या लक्षात आलं. तुझी आई मला किती सांभाळत होती, ते आता एकेक करून बाहेर येतंय.

कागद मीच चिकटवले. चौकातल्या झाडावर, थांब्यावर, देवळाच्या फाटकावर, तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या दारांवर. आता रस्त्याच्या कडेने चालतो. शेजारच्या झ्लात्काने बराच वेळ फोटो न्याहाळला आणि म्हणाली की नेव्याना काहीतरी बोलायच्या बेतात आहे. मी मान हलवली, नाव सांगितलं नाही.

आपलं फाटक मोकळं ठेवलंय. तिथला कागद टेबलावर आहे, डिंकाची बाटली शेजारी. तो तू लाव.

दार उघडंच आहे, चारला वेगळं उघडायला नको.

तुझा,
बाबा

ता. क. आल्यावर आरसे उघडायच्याही आधी एक काम कर. त्या कॅमेऱ्याचा आवाज चालू करून दे. मला ऐकू येणार नाही, पण समोर बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे की झालं, आता श्वास सोडला तरी चालेल.